वीस रुपयांचा ठेचा

आज दुपारी डोकं फिरलं. कारण फार मोठं नाही, आधीच सांगतो. "एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं लिहिलंस?" असं खाली कोणी लिहू नका. हो, एवढ्याशाच गोष्टीसाठी लिहितोय.

पोरगी किराण्यातून चिप्सचं पाकीट घेऊन आली. हिरवंगार पाकीट, वर मिरच्या, दगडी खलबत्ता आणि नऊवारीतली एक हसरी बाई. नाव 'गावरान ठेचा'. म्हटलं आण इकडे, पाहू. एक तोंडात टाकला. आधी साखर लागली, मग आंबट लागलं, मग कुठंतरी लांब, चौथ्या घरी कोणी फोडणी घातली असावी अशी मिरची आली आणि गेली. पाकीट उलटं केलं, चष्मा लावला. बटाटा, पामतेल, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, मिल्क सॉलिड्स, आम्लता सांभाळायला ३३०, चव वाढवायला ६२७ आणि ६३१. लसूण पावडर पार शेवटाला, लग्नात उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी.

ठेच्यात दूध! ठेच्यात साखर!

अरे बाबांनो, तव्यावर तेल तापवायचं, मिरच्या अन् लसूण टाकायचा, चरचर झाली की घरभर ठसका सुटतो. पोट्टे पळत अंगणात जातात, पलीकडची म्हातारी खोकत खोकत ओरडते, "कोनं मिरच्या टाकल्या वं!" मग त्याच तव्यात जाडं मीठ घालून लोट्याच्या बुडानं रगडायचं. याला ठेचा म्हणतात. या पाकिटानं घरात कोणाला साधी शिंकही आली नाही. पोरगी टीव्ही बघत गोड गोड खात बसली.

माझं भांडण विचित्र चवींशी नाही, हे नीट समजून घ्या. माझा मावसभाऊ टोरांटोला असतो, तिकडे केचपचे चिप्स मिळतात. चीनमध्ये काकडीचे, इंग्लंडमध्ये कोळंबीचे. जपानात तर वासाबी घातलेलं किटकॅट आहे, अन् तिथं म्हणे भागाभागाची वेगळी चव असते, गावाला गेलेला माणूस परतताना घरच्यांसाठी तेच घेऊन येतो. खाऊ द्या. रागाच्या भरात गुगलही केलं. चिप्सला चव लावून विकायचं काम आयर्लंडच्या टेटो कंपनीनं १९५४ च्या सुमारास सुरू केलं, चीज अन् कांदा. बरं केलं. त्यांचं चीज, त्यांचा कांदा. आमच्या गावच्या दुकानात आज पाकिटांच्या माळा लटकतात त्यात पेरी पेरी आहे, थाई स्वीट चिली आहे, क्रीम अँड अनियन आहे. त्याचंही मला काही नाही. मिरचीसुद्धा पोर्तुगीजांच्या जहाजातून आली, तेव्हा ठेचाही काही रामायणातला नाही, मान्य.

पण त्या माळेखाली उभं राहून दुकानदाराला म्हणा, "धापोडे आहेत का?"

तो हसतो. खरंच हसतो. मागच्या आठवड्यात मी विचारलं होतं.

आता पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी: धापोडे म्हणजे ज्वारीचे पापड. खानदेशी मंडळी बिबडे म्हणतील. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं, चांगला आंबूस वास सुटला की वाटायची, मीठ, जिरं, तीळ घालून त्याचा घाटा शिजवायचा आणि उन्ह चढायच्या आत ओल्या धोतरावर गरम गरम थापायचा. संध्याकाळी धोतर उलटं करायचं, मागून पाणी शिंपडायचं, सोलून काढायचे. वाळले की वर्षभर डब्यात. निखाऱ्यावर भाजून, वरून कच्चं तेल, सोबत कांदा अन् शेंगदाणे. पण खरी मजा अर्धवट वाळलेल्या धापोड्याची. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, दाताला चिकटणारा. ती चव पाकिटात भरायला अजून कोणाला सुचली नाही, एवढंच नशीब.

धापोडे म्हटलं की मला एकच उन्हाळा आठवतो. मी आठवीत होतो, म्हणजे १९९२. मायनं घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, दोन धोतरं भरून धापोडे घातले अन् मला तुऱ्हाटी देऊन राखणीला बसवलं. कावळे, कोंबड्या, बकऱ्या, सगळ्यांवर माझी नजर. माझ्यावर कोणाचीच नाही. त्यामुळं कडेची एक ओळ मीच संपवली, पोट भरलं आणि निंबाच्या सावलीत झोप लागली. दुपारी वावधन सुटलं. जाग आली तेव्हा एक धोतर जागेवर नव्हतं. ते उडून शेजारच्या काकांच्या कोठ्यात पडलं होतं आणि त्यांची म्हैस अगदी निवांत, डोळे मिटून, एकेक धापोडा धोतरासकट चघळत होती. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. लग्नात, पारावर, एसटीत. लोक पोट धरून हसतात.

शेगावच्या कचोरीचं नाव घेऊन कोणी मला उत्तर देईल. देऊ द्या. कचोरी टिकली, वर्ध्याचा गोरसपाक टिकला, नागपूरची संत्राबर्फी परदेशात जाते, तर्री-पोह्याचे व्हिडिओ निघतात, हे सगळं मला दिसतं. सावजीच्या तर पाट्या पार पुण्यात. पण हे विकायचं खाणं आहे, हे बाजारात जन्मलं, बाजारात जगेल. घरचं जे होतं त्याचं बोला. पानगे शेवटचे कधी खाल्ले? कोहळ्याचे बोंडे? रसासोबत सरगुंडे? भंडाऱ्याकडच्या मित्रा, तुझ्या पोरानं टेंभुरं पाहिलं तरी आहे का? आमच्या शाळेपुढं एक आजी चिचबिलाई अन् बोरकूट घेऊन बसायची, कागदाच्या पुडीत, पंचवीस पैशाला. ती गेली अन् तिच्या जागी आता माळ लटकते.

माझी बहीण पुण्याला असते. दरवेळी फोनवर एकच, "दादा, येताना धापोडे आणजो." तिला वाटतं, दादा गावात आहे म्हणजे त्याच्या घरी सगळं आहे. तुम्हा बाहेर गेलेल्या सगळ्यांना तेच वाटतं. गावाकडची आठवण येते, गावाकडची चव मिळत नाही, म्हणून मोठमोठ्या पोस्टा टाकता. अरे, मी गावातच आहे ना! त्याच घरात, त्याच धाब्याखाली. मलाही मिळत नाही. तुम्ही गाव सोडलं म्हणून तुम्हाला मिळत नाही. मी काय सोडलं?

(लाइट गेली होती. दीड तासानं आली. पुढे लिहितो.)

काय सोडलं ते अंधारात बसून आठवलं. ज्वारी सोडली.

आमच्या बाबांच्या वेळी निम्मं वावर ज्वारीचं असायचं. दाणे माणसाला, कडबा बैलाला. मग सोयाबीन आलं. शंभर-एक दिवसात पीक हातात, दिवाळीच्या तोंडावर पैसा. मी बारा वर्षांपूर्वी ज्वारी पूर्ण बंद केली. बैलजोडी विकल्यावर कडब्याचं तरी काय करणार होतो? दोन वर्षांपूर्वी मायच्या हट्टापायी अर्धा एकर पेरून पाहिली. सगळ्या शिवारात एकट्याचीच ज्वारी, म्हणजे सगळ्या शिवारातली पाखरं एकट्याच्याच वावरात. पूर्वी ती शंभर वावरांत वाटली जायची, आता पोपटांना माझा पत्ता पाठ. पाखरांनी वरून खाल्लं, रानडुकरांनी खालून आडवं केलं. रात्रीची राखण करून करून मी आजारी पडलो. घरी किती आली? तीन पायल्या. त्यातही निम्मी किडकी. तेव्हा जाणकारांनी मला भरडधान्याचं महत्त्व सांगू नये. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्याचं म्हणून साजरं झालं, तेव्हा मी बॅटरी घेऊन डुकरांमागं पळत होतो.

आजोबा हायब्रीड ज्वारीला शिव्या द्यायचे, हेही आठवतं. पहिलं हायब्रीड वाण १९६४ ला आलं, तेव्हापासून ते मरेपर्यंत त्यांचं एकच, "हे भाकर हाये का खरडा?" (खरडा म्हणजे आमच्याकडं पुठ्ठा.) आम्ही त्याच हायब्रीडवर वाढलो अन् आज मी तिच्याच आठवणीनं गळा काढतोय. उद्या माझी पोरगी पुण्यात बसून 'गावरान ठेचा' चिप्ससाठी रडेल. रडेलच. लिहून ठेवा.

हे सगळं मी जेवताना मोठमोठ्यानं बोलत होतो. बायको ऐकत होती. पोळी वाढता वाढता म्हणाली, "तुमाले धापोडे आठवतेत. पहाटी तीनले उठून घाटा कोन हाटे, ते नाई आठवत."

घास तसाच राहिला.

बरं, तिचं खरं आहे. एवढं लिहिलं तेव्हा हेही लिहितो. ती म्हशीची गोष्ट मी म्हशीपर्यंतच सांगतो. पुढची कोणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. त्या दिवशी माय संध्याकाळी वावरातून आली. मी माळ्यावर लपलो होतो. तिनं धोतर पाहिलं, म्हशीकडं पाहिलं, मला हाकसुद्धा मारली नाही. घरची ज्वारी चैत्रातच संपत आलेली, राहिली होती ती बियाण्याची. माय काकूकडं गेली आणि दोन पायल्या उसनी घेऊन आली. पुन्हा भिजवली. पुन्हा तीन दिवस. चौथ्या पहाटे मी उठून पाहिलं, चुलीपुढं ती लाकडी चाटूनं घाटा हाटत होती, घमेल्याएवढं भांडं, दोन्ही पाय भांड्याला लावून. मग अंगणात थापायला बसली. उजव्या तळहातावर आदल्या खेपेचे फोड होते, एक फुटलेला. ती हात पाण्यात बुडवायची, गरम गोळा उचलायची, थापायची, पुन्हा पाण्यात. तोंडातून आवाज नाही. मी गोधडीत तोंड घालून झोपून गेलो. उठून मदत केली असती, असं लिहावंसं वाटतंय, पण नाही केली.

म्हैस मजेशीर आहे हो. म्हशीपाशी थांबायला सोपं जातं.

मूर्तिजापूरची मावशी शकुंतला रेल्वेनं यायची, डब्बा भरून तिचे धापोडे आणायची अन् मायचे घेऊन जायची. दोघींचे एकाच ज्वारीचे, तरी चव वेगळी, असं दोघीही शपथेवर सांगायच्या. आम्हाला काही फरक कळायचा नाही. आता गाडी बंद, मावशी गेली, माय शहात्तरची झाली. बोटं वळत नाहीत तिची.

तर जेवण झाल्यावर ते पाकीट तिच्यापुढं धरलं. ७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन रोजगार हमीच्या कामावर माती वाहिलेली बाई ती. तिनं एक चिप्स उजेडात धरून पाहिला.

"हे काय हाये बापू?"

"ठेचा हाये म्हंते, माय."

तिनं खाल्ला. सावकाश, उरलेल्या चार दातांनी. मग विचारलं, केवढ्याचं. वीस रुपये म्हटलं. पोरीनं लगेच मोजून सांगितलं, पाकिटात सतरा निघाले होते. माय थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मीठ बरोबर हाये." आणि दुसरा मागितला.

आता यावर काय भांडणार? दुपारपासूनचा सगळा राग त्या एका वाक्यात निघून गेला. नंतर थोडा परत आला, म्हणून हे लिहायला बसलो.

झोपायच्या आधी तिनं विचारलं, "होळी होऊन गेली, तू वावरात काय पेरलं होतं यंदा?" सोयाबीन, तूर. "मंग धापोडे कायचे करू?" म्हणजे तिच्या मनात होतं. मी म्हटलं, ज्वारी मी आणतो, घाटा मी हाटतो, तू फक्त बसून सांग. घरातले सगळे हसले. बायको सगळ्यात जास्त. "तुमी हाटा, मी निंबाखाली झोपतो," म्हणे.

म्हणून विचारतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, नेर, दिग्रस या पट्ट्यात कोणाकडं गावरान ज्वारी असेल तर कळवा. दोन पायल्या पुरे. बियाण्याला नको, खायला पाहिजे. सोलापूरकडची मालदांडी सांगू नका, ती दुकानात आहे, भाकरीला चांगली आहे, पण माय म्हणते तिचा घाटा मनासारखा येत नाही. भाव तुमचा, गाडी घेऊन मी येतो. आणि कोणाकडं जुनं सुती धोतर असेल तर तेही द्या. आमच्या घरचं शेवटचं त्या म्हशीनं खाल्लं.