गुडघ्याची दोरी आणि 21 दिवसांचं पान

संक्रांतीनंतरच्या कबड्डी स्पर्धा आणि आषाढातला वावरातला चिखल, या दोन हंगामांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला चार वेळा आला. त्यातला एक तर माझ्याच शाळेतल्या सहकाऱ्यानं पाठवलेला, खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: चालता येत असेल तर गुडघ्याचं लिगामेंट तुटलेलं नसतं. एमआरआय हा पैसे उकळायचा धंदा आहे. 21 दिवस एरंडाचं पान गरम करून बांधा, तेल चोळा, दोरी आपोआप जुळते. ऑपरेशनची गरज नाही हे परदेशात सिद्ध झालं आहे. आणि ऑपरेशन केलेल्याला पुन्हा मांडी घालून बसता येत नाही, खेळणं तर विसराच.

माझ्या उजव्या गुडघ्यातली पुढची दोरी, डॉक्टर जिला एसीएल म्हणतात ती, मागच्या वर्षी जानेवारीत तुटली. चढाईवर होतो, कोपऱ्यातल्या पोरानं घोटा धरला, पाय जागेवर राहिला आणि अंग वळलं. आधी मीही या मेसेजच्या बाजूचाच होतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"चालता येतं, म्हणजे तुटलेलं नाही."

मी त्या दिवशी मैदानातून चालत घरी गेलो. चौथ्या दिवशी मोटारसायकलवर शाळेतही गेलो. त्यामुळे काही तुटलं असेल असं ना मला वाटलं, ना घरच्यांना. पण या दोरीचं काम अंगाचा भार उचलण्याचं नाहीच. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि मांडीखाली पिळलं जाऊ नये, एवढ्यासाठी ती असते. सरळ रस्त्यावर तिची फारशी गरज पडत नाही. गरज पडते ती वळताना, उतरताना, धुऱ्यावरून उडी मारताना. खुणा वेगळ्याच असतात: आत काहीतरी 'कट' वाजल्याचं जाणवणं, आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगणं. ती सूज म्हणजे बहुतेक वेळा सांध्यात साठलेलं रक्त. आणि हो, एक्सरे नॉर्मल आला म्हणून पेढे वाटू नका. एक्सरेत हाड दिसतं, दोरी दिसत नाही. मी वाटले नव्हते, पण एक्सरेचं पाकीट खिडकीत ठेवून सहा आठवडे निवांत बसलो होतो.

"एमआरआय म्हणजे धंदा."

यात पावशेर खरं आहे. जाणता डॉक्टर गुडघा थोडा वाकवून, मांडी एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढून बघतो आणि दोरी गेली की राहिली ते बऱ्याचदा तिथंच सांगतो. गुडघ्याला हातही न लावता थेट एमआरआयची चिठ्ठी लिहिणारा भेटला, तर शंका घ्यायला जागा आहे. पण आतली गादी, म्हणजे दोन हाडांमध्ये झटका झेलणारी कूर्चा, फाटली का, फाटलेला तुकडा सांध्यात अडकला का, हे हाताला नीट कळत नाही. गुडघा मध्येच अडकतो आणि पूर्ण सरळच होत नाही, अशी गत असेल तर पान नको आणि 21 दिवसही नकोत, लगेच दाखवा. त्या गादीला टाके घालायचे असतील तर उशीर महागात पडतो.

"पान बांधा, तेल चोळा, दोरी जुळते."

आमच्या आईचंही हेच म्हणणं होतं. "कायले दवाखान्याच्या मांगं लागून रायला, बाबू? दोन दिवस तेल चोळ, उतरून जाते." चोळलं. पहिल्या दोन दिवसांत, आत रक्त साठलेलं असताना, खसाखसा चोळलं, आणि सूज दुप्पट झाली. त्या दिवसांत बर्फ, पाय उंचावर आणि विश्रांती हवी होती. शेक आणि मालीश नको होती. पानाला माझी हरकत नाही. बरं वाटत असेल तर बांधा.

पण पानाला एवढा मान मिळाला कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. गुडघ्याला चार मोठ्या दोऱ्या असतात. आतल्या बाजूची, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडची दोरी, सांध्याच्या बाहेर असते, तिला रक्त मिळतं, आणि ती बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय, पट्टा आणि व्यायामावर काही आठवड्यांत भरून येते. त्या काळात कोणी एरंडाचं पान बांधलं असेल तर श्रेय पानाला जातं. मधोमध असलेल्या एसीएलची गोष्ट वेगळी. ती सांध्याच्या पाण्यात असते, तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गाठ धरत नाही, म्हणून ती सहसा आपोआप जुळत नाही. काही जणांची दोरी पुढे एमआरआयवर जुळलेली दिसते, हेही खरं. पण ती माणसं पान बांधून बसलेली नव्हती. आमच्याकडचे हाडवैद्य मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा प्रामाणिक निघाले. त्यांनी गुडघा हलवून पाहिला आणि म्हणाले, "हे माह्या हातचं नाही, मास्तर. मोठ्या दवाखान्यात जा."

"ऑपरेशनची गरज नाही, हे परदेशात सिद्ध झालं आहे."

सगळ्या मेसेजमधलं हे सर्वांत घातक वाक्य, कारण ते अर्धं खरं आहे.

स्वीडनमध्ये 18 ते 35 वयाच्या, ताजी एसीएल तुटलेल्या 121 जणांवर एक अभ्यास झाला, तो 2010 साली छापून आला. 62 जणांचं लवकर ऑपरेशन केलं आणि व्यायाम दिला. 59 जणांना आधी नुसता व्यायाम दिला, आणि गुडघा सटकतच राहिला तर पुढे ऑपरेशन करू असं ठरलं. दोन वर्षांनी दुखणं, रोजचं काम, खेळ यांबद्दल दोन्ही गटांनी स्वतः दिलेले गुण जवळजवळ सारखे होते. मेसेज इथं थांबतो. पुढचं असं, की त्या 59 पैकी 23 जणांचं दोन वर्षांत ऑपरेशन करावं लागलं आणि पाच वर्षांत हा आकडा 30 वर गेला. म्हणजे निम्म्यांना लागलं. आणि उरलेल्या निम्म्यांना लागलं नाही, हेही तितकंच खरं.

2022 साली ब्रिटनमधला 316 जणांचा अभ्यास आला. ही माणसं ताज्या दुखापतीची नव्हती. दोरी तुटून काही काळ उलटला तरी यांचा गुडघा सटकतच होता. दीड वर्षानंतर यांच्यात ऑपरेशनवाला गट पुढे होता. दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. पहिला म्हणतो, थोडं थांबायला हरकत नाही. दुसरा म्हणतो, थांबूनही गुडघा दगा देत असेल तर नुसत्या व्यायामाच्या भरवशावर राहू नका.

आणि मेसेज जे गाळतो ते तर आणखीच महत्त्वाचं. तिथला 'ऑपरेशन नाही' गट खाटेवर पडून नव्हता. फिजिओच्या देखरेखीत महिनोन्महिने घाम गाळत होता. आपल्याकडे 'ऑपरेशन नको' याचा अर्थ 'काहीच नको' असा होतो. खरा घोटाळा इथं आहे.

माझ्या आतेभावाचीही हीच दोरी तुटली, गोठ्यात म्हशीच्या दाव्यात पाय अडकून. त्यानं ऑपरेशन केलं नाही. सहा महिने न चुकता मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंचे व्यायाम केले, सुरुवातीला टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबण्यापासून ते खांद्यावर अर्धं पोतं घेऊन पायरी चढण्यापर्यंत. आज तो ऑटो चालवतो, धारा काढतो, गुडघा एकदाही सटकला नाही. व्हॉलीबॉल सोडला, एवढंच. त्याला ऑपरेशन कशाला हवं?

माझं तसं झालं नाही. व्यायाम मीही केला, खरं सांगायचं तर तीन आठवडे मन लावून आणि तीन महिने मनाविरुद्ध. जुलैत 16 लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, शिरलो. आमची काळी माती ओली झाली की बुटाला सोडत नाही. पाय रुतलेला, पाठीवर भार, आणि ओळ संपली की वळायचं. कबड्डीत घोटा धरणारा पोरगा परवडला. गुडघा तिथं सटकला, मग शाळेच्या पायरीवर, मग एसटीतून उतरताना. तिसऱ्या वेळेनंतरच्या एमआरआयमध्ये गादीही फाटलेली निघाली, जी जानेवारीतल्या दुखापतीत शाबूत होती असं डॉक्टर म्हणाले. दर वेळी सटकताना गादीची किंमत मोजावी लागते, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी जुलैची वाट पाहिली नसती. दसऱ्यानंतर ऑपरेशन केलं.

याच्या उलटी भीती घालणारेही आहेत: "आठवड्यात ऑपरेशन करा, नाहीतर चाळिशीत गुडघा बदलावा लागेल." दुखापत झालेल्या गुडघ्याची झीज लवकर होऊ शकते, पण ऑपरेशन केल्यानं ती टळतेच असं नाही. आणि सुजलेल्या, ताठलेल्या गुडघ्यावर घाईनं ऑपरेशन केलं तर तो कायमचा आखडण्याची भीती असते. सूज उतरू द्यावी, पाय पूर्ण सरळ होऊ द्यावा, मग टेबलावर जावं.

"मांडी घालता येत नाही, खेळ संपतो."

मांडी मी घालतो. टाचा टेकवून बसायला चारेक महिने मनाई होती, कारण गादीला टाके होते. तेवढे दिवस संडासात प्लॅस्टिकची भोक पाडलेली खुर्ची होती, त्यात लाजण्यासारखं काय आहे? तुटलेली दोरी बहुधा शिवत नाहीत. माझ्या मांडीच्या मागच्या स्नायूच्या कंडरेतून नवी वळून बसवली. स्क्रू आत आहे आणि सहसा तो काढावा लागत नाही. खेळाचं म्हणाल तर कुस्तीगीर विनेश फोगटच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन ऑगस्ट 2023 मध्ये झालं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ती पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली. अर्थात तिच्या दिमतीला रोज फिजिओ होता. माझा फिजिओ यवतमाळात, महिन्यातून दोनदा, जाऊन-येऊन अख्खा दिवस.

मेसेज पसरतो त्याचं कारणही हेच आहे. ज्याचं पोट रोजीवर आहे त्याला तीन महिने ओझं उचलू नको म्हणणं सोपं नाही, आणि पान फुकट मिळतं. त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. पण ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायला पैसे लागत नाहीत. आणि खर्च टाळून व्यायामाचा मार्ग धरायचा असेल तर तो पूर्ण धरावा, सटकणं सुरू झालं की पुन्हा दाखवावं.

नऊ महिन्यांआधी कबड्डी नाही, असं मला सांगितलं होतं. नव्या दोरीचा जम बसायला वेळ लागतो आणि घाई करणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जातो. नऊ महिने या आठवड्यात भरले. पण नुसते महिने मोजून चालत नाही, दुखरा पाय चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के झाला पाहिजे. शाळा सुटल्यावर मैदानात फक्कीची रेघ मारली आणि एका पायावर उडी मारून चौथीच्या पोरांना टेप धरायला लावला. डावा पाय 132 सेंटीमीटर, उजवा 118. भागाकार पोरांनीच केला: 89 टक्के आणि वर थोडं.

"सर, एकच टक्का," एक जण म्हणाला. पुढची मोजणी तीन आठवड्यांनी आहे.