कोरा रकाना

आमच्या मिरजेच्या ख्रिस्ती मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बारा दिवस एकच भांडण चाललंय. तरुण संघानं सुचवलं की यंदा नाताळची लायटिंग आणि साउंड सिस्टीम रद्द करू, आणि त्या पैशातून गावाबाहेरच्या माळावर उतरलेल्या ऊसतोड टोळीला ब्लँकेटं देऊ. चाळीसेक कोयते, म्हणजे तोडीची जोडपी, आहेत म्हणे, शिवाय पोरंबाळं. एवढंच. त्यावर पंचमंडळातल्या एका काकांनी लिहिलं, 'फोटो काढले तर धर्मांतराचं आमिष म्हणतील, नाही काढले तर हिशेब कोण देणार?' दुसरे म्हणाले, 'आधी आपल्या मंडळीतल्या विधवांचं बघा.' तिसऱ्यांनी नुसते हात जोडले. ते कुणाच्या बाजूनं जोडले, हे अजून कुणाला कळलेलं नाही.

हे सगळं मी जर्मनीत, कासेलमध्ये, हॉस्पिटलातली श्पेटशिश्ट, म्हणजे संध्याकाळची पाळी, संपवून घरी जाताना ट्राममध्ये वाचते आणि माझं डोकं सणकतं. शेवटी मीही लिहिलं. लांबलचक लिहिलं. इकडं लोक प्फांडच्या, म्हणजे दुकानात परत दिल्या की पैसे मिळतात त्या, बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, डब्याशेजारी उभ्या करून जातात, कारण गोळा करणाऱ्याला घाणीत हात घालायला लागू नये. कुणी फोटो काढत नाही. टाफेलच्या, म्हणजे गरजूंना अन्न वाटणाऱ्या केंद्राच्या, रांगेत सीरियाची माणसं असतात आणि भाजी मोजून देणाऱ्या आज्या चर्चमधल्या. उपासनेनंतरची कॉफीसुद्धा फेअरट्रेडची, पिकवणाऱ्याला रास्त दाम देणारी. विश्वास असा रोजच्या हातून दिसला पाहिजे, स्टेजवरून नव्हे. पाठवून झाल्यावर मला फार बरं वाटलं.

दहा मिनिटांत भाच्याचा वेगळा मेसेज आला. तरुण संघाचा सेक्रेटरी तोच. 'मावशी, तू आमच्या बाजूनं बोलू नकोस. तू बोललीस की ते म्हणतात, बघा, फॉरेनवाल्यांचं खूळ.'

खूळ म्हणे! १८९४ मध्ये मिशनरी वानलेस डॉक्टरांनी मिरजेत दवाखाना काढला, तेही फॉरेनवाल्याचंच खूळ होतं. त्यांच्या नावाच्या वानलेसवाडीत अर्धा ग्रुप राहतो. ग्रुपवरच्या निम्म्या घरांत कुणी नर्स, कुणी कंपाउंडर, कुणी लॅबवाला आहे, तो त्या खुळापायीच. मीही त्यातलीच.

आणि आमिष हा शब्द आपल्या माणसानं लिहावा, हे मला जास्त लागलं. माझ्या आजीची आई १८९६-९७ च्या दुष्काळात माणदेशातून चालत आली, सात वर्षांची. तिला कुणीतरी पेज पाजली. ते आमिष होतं की प्रीती, हा वाद लोक आमच्याशी घालतात तो घालतात. आता आपणच आपल्याशी घालायचा? उद्या कुणी काही म्हणेल म्हणून आज कुणाला थंडीत ठेवायचं, हे आपल्याला कुठल्या शुभवर्तमानात सापडलं? लूकच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी जखमी माणसाला आधी मंडळीचं सभासदत्व विचारत नाही. 'आधी आपल्या लोकांचं' म्हणणाऱ्यांना रेव्हरंड ना. वा. टिळक तरी आठवावेत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत होते. सातारा मिरजेपासून काही कासेलइतकं लांब नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा सांगलीची माणसं आमच्या हॉलमध्ये पाच रात्री झोपली. बाकांवर ओल्या साड्या वाळत होत्या. तेव्हा काकांना आमिष आठवलं नाही. स्वतः पातेल्यापाशी उभे राहून त्यांनी खिचडी वाढली होती. मग आता काय झालं? पुरातला माणूस शेजारी, आणि तोडीचा माणूस कोण?

हे लिहिता लिहिता टेबलावरच्या केळ्यांकडं लक्ष गेलं. फेअरट्रेडचा निळा-हिरवा शिक्का. इक्वेडोरच्या मजुराला नीट दाम मिळावा म्हणून मी किलोमागं थोडे जास्त सेंट मोजते, आणि मोजताना मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटते. सांगली जिल्ह्याची साखर मी अठ्ठावीस वर्षं खाल्ली. शाळेच्या रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या जायच्या, आम्ही मागनं पळत कांडं ओढायचो. गाडीवर, उसाच्या ढिगावर, माझ्याएवढी पोरगी बसलेली असायची. तिची शाळा कुठली, हे मी एकदाही विचारलं नाही.

ग्रुपवर आणखीही काही लिहिलं नाही. इथल्या आमच्या चर्चमध्ये रविवारी पंधरा-सोळा डोकी असतात आणि त्यांतली सर्वांत तरुण मी, हे लिहिलं नाही. आणि रकान्याचं तर नाहीच.

त्याच साली, पुरानंतर दोन महिन्यांनी मी इथं आले. आनमेल्डुंगच्या, म्हणजे राहत्या पत्त्याच्या नोंदणीच्या, फॉर्मवर धर्माचा रकाना होता. माझ्याआधी आलेली केरळची नर्स शेजारी बसली होती. तिनं हळूच सांगितलं, तो कोरा सोड, लिहिलंस की आयकराच्या ९ टक्के चर्चला जातात. मी सोडला. माझ्या पगारावर महिन्याला तीसेक युरो वाचले, अजून वाचतात. शाळेच्या दाखल्यावर, कॉलेजच्या फॉर्मवर, भाड्याचं घर बघताना आमच्या घरानं चार पिढ्या तो शब्द सांगितला आणि त्यापायी ऐकायचं ते ऐकून घेतलं. तिथं माझा हात कधी अडला नाही. इथं तो शब्द लिहिल्याबद्दल कुणी वाकडं बघणार नव्हतं आणि इथंच मी तो गिळला. त्या आज्या भरतात त्या पैशांवर चालणाऱ्या चर्चमध्ये मी दर रविवारी फुकट कॉफी पिते. वर फेअरट्रेडचं कौतुक सांगते.

आमच्या वॉर्डातल्या ९२ वर्षांच्या आजीबाई झोपायच्या आधी 'फाटर उन्झर', म्हणजे 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना, म्हणतात. मीही त्यांच्याबरोबर म्हणते. त्या दर वेळी नव्यानं विचारतात, 'तुला हे कुणी शिकवलं? मिशनऱ्यांनी?' शाळेत बाई विचारायच्या, 'तुम्ही मूळचे कोण?' आजीबाईंना मी सांगते की आईनं शिकवलं. त्या मान हलवतात आणि उद्यासाठी विसरून जातात. मला त्यांचा राग येत नाही. काकांचा येतो. ते माझे आहेत म्हणून येत असेल.

काल आईला फोन केला, निदान ती तरी आपल्या बाजूची निघेल म्हणून. तिचं तिसरंच.

'ब्लँकेटं कशाला? वाकळा आहेत की त्यांच्याकडं. पाणी नाही. पहाटे चारला बायका आपल्याच नळावर येतात, तोडीला जायच्या आधी.'

'कधीपासनं?'

'दिवाळीपासनं. कळशा आपटून तोटी मोडली माझी. चांगले चार शब्द सुनावले.'

'मग आता येत नाहीत?'

'न येऊन जातील कुठं? रात्रीच टाकी भरून ठेवते.'

'हे ग्रुपवर का नाही सांगितलंस?'

'काय सांगायचं त्यात? तुझ्याएवढं टाइप करायला मला येत नाही.'

मी म्हटलं, तोटीचे पैसे मी पाठवते, उद्याच पाठवते.

'कालच बसवली,' आई म्हणाली. 'ह्या खेपेला स्टीलची घेतली. आपटली तरी मोडायची नाही.'