टाइप वेगवेगळे असणे आणि टाइप माहीत नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच फिरतो. क्लासच्या प्रॉपर्टींचे डेटा टाइप वेगवेगळे असतील, तर निरनिराळी फील्ड लिहीत बसू नये. स्ट्रिंग ही की आणि ऑब्जेक्ट, म्हणजे कोणत्याही टाइपची वस्तू, ही व्हॅल्यू असलेला एकच मॅप (नावावरून व्हॅल्यू शोधण्याचा तक्ता) ठेवावा, वाचताना कास्ट करावे, म्हणजे ती व्हॅल्यू अमुक टाइपची आहे असे सांगावे, आणि शंका असेल तिथे आधी इन्स्टन्सऑफने ती त्या टाइपची आहे का हे तपासावे, असा तो सल्ला आहे. त्याला जोडून आणखी चार विधाने येतात: अडचण झालीच तर सगळे स्ट्रिंगमध्ये साठवावे, जनेरिक्समध्ये (टाइप बाहेरून पुरवता येणाऱ्या क्लासमध्ये) मिश्र यादी करता येत नाही, टाइपगणिक क्लास लिहिणे हा फापटपसारा आहे, आणि पायथॉन किंवा जावास्क्रिप्टमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. नवशिके हा सल्ला सहज उचलतात आणि पुढे त्याच पायावर मोठे प्रोग्राम उभे राहतात, म्हणून त्याचा मुद्द्यागणिक विचार करणे मला आवश्यक वाटते. उदाहरणे मुख्यतः जावातली घेतो.

पहिला मुद्दा एका मॅपचा. चित्रे काढण्याच्या प्रोग्राममधली एक आकृती घेऊ. तिची रुंदी डबल (दशांश संख्या) आहे, थराचा क्रमांक इंट (पूर्णांक) आहे, ती दिसते की नाही हे बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) आहे. तीन टाइप वेगळे आहेत, पण त्यांपैकी एकही अज्ञात नाही. क्लास लिहिणाऱ्याला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहेत. मॅप वापरताच ही माहिती कोडमधून पुसली जाते आणि ती प्रत्येक वाचणाऱ्याच्या स्मरणावर सोडली जाते. ‘थर’ या कीखाली एकाने इंटीजर (इंटचे ऑब्जेक्ट-रूप) ठेवला आणि फाइलमधून वाचणाऱ्या दुसऱ्या भागाने तिथेच लाँग (मोठ्या पूर्णांकांचा टाइप) ठेवला, तर कंपायलर काहीही बोलत नाही, कारण दोन्ही ऑब्जेक्टच आहेत. पुढे कुणी ती व्हॅल्यू इंटीजर म्हणून कास्ट केली की क्लासकास्टएक्सेप्शन येते, कारण लाँगचा ऑब्जेक्ट इंटीजरमध्ये कास्ट होत नाही, मग त्यातला आकडा केवळ ३ का असेना. शिवाय एररसोबत येणाऱ्या ओळींच्या यादीत, म्हणजे स्टॅक ट्रेसमध्ये, वाचणारी ओळ दिसते, चुकीची व्हॅल्यू ठेवणारी दिसत नाही. चूक एकीकडे आणि तक्रार दुसरीकडे, अशी ही स्थिती असते आणि शोधकामाचा सगळा वेळ तिच्यातच जातो.

हे उदाहरण काल्पनिक टोकाचे नाही. टाइप न सांगता जेसन या मजकुरी डेटा-स्वरूपातला ३ हा आकडा वाचला, तर ते वाचणारी जॅक्सन ही जावा लायब्ररी तो इंटीजर म्हणून देते, आकडा इंटीजरमध्ये न मावणारा असेल तर लाँग देते, आणि जीसन ही दुसरी लायब्ररी तोच ३ मुळातल्या सेटिंगनुसार डबल म्हणून देते. म्हणजे लायब्ररी बदलली, किंवा नुसता आकडा मोठा झाला, तरी मॅपमधला टाइप बदलतो.

इन्स्टन्सऑफने तपासल्यावर काम भागते, हे विधान अर्धेच आहे. तपासणी फसली तर काय करायचे, हा खरा प्रश्न असतो आणि बहुतेक कोडमध्ये त्याचे उत्तर ‘डीफॉल्ट व्हॅल्यू वापरा’ असे निघते. त्यामुळे थर ३ असलेली आकृती मुकाट्याने थर ० वर जाऊन बसते आणि कुठेही एरर दिसत नाही. एक्सेप्शन निदान बोलते तरी. ही चूक बोलतही नाही. कीच्या स्पेलिंगमध्ये चूक झाली तरी असेच होते: मॅप नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत करतो, नल कोणत्याच टाइपचा नसल्यामुळे तपासणी फसते आणि पुन्हा डीफॉल्टच हाती येते.

प्रॉपर्टी ठरलेल्या असतील तर सरळ फील्ड लिहावीत, हे माझे स्पष्ट मत आहे. इंट फील्डमध्ये जुना आणि नवा आकडा दुहेरी बरोबरच्या चिन्हाने ताडून पाहता येतो. मॅपमधून आलेल्या ऑब्जेक्टवर तेच चिन्ह वापरले तर आकड्यांऐवजी संदर्भांची तुलना होते, म्हणजे दोन्हीकडे तोच एक ऑब्जेक्ट आहे का एवढेच पाहिले जाते. आपोआप बॉक्स झालेल्या, म्हणजे इंटपासून ऑब्जेक्ट बनलेल्या, उणे १२८ ते १२७ या इंटीजर व्हॅल्यू जावा राखून ठेवलेल्या ऑब्जेक्टमधून देते, म्हणून तिथवर तुलना बरोबर ठरते आणि १२८ पासून सहसा चुकते. लहान आकड्यांवर केलेल्या चाचण्या पास होतात, ही यातली सर्वांत घातक बाब आहे.

स्ट्रिंगचा पर्याय थोडक्यात निकाली काढता येतो. स्ट्रिंग म्हणून क्रम लावला की ‘१०’ हा ‘९’ च्या आधी येतो. स्ट्रिंगचे बूलियन करणाऱ्या जावाच्या पार्सबूलियनला इंग्रजीतला ‘येस’ दिला तर ते तक्रार न करता फॉल्स देते. टाइप इथेही नाहीसा होत नाही. तो प्रत्येक वाचनाच्या जागी पुन्हा पुन्हा उकलावा लागतो.

जनेरिक्सविषयीच्या आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. निरनिराळ्या टाइपच्या प्रॉपर्टींची एक यादी केली, तर तिचा टाइप ‘प्रॉपर्टी ऑफ अज्ञात’ असा होतो, आणि अशा प्रॉपर्टीत बाहेरून व्हॅल्यू लिहायला कंपायलर मनाई करतो. ती मनाई योग्यच आहे. यावर उपाय असा की टाइप कंटेनरला न देता कीला द्यावा. स्ट्रिंगच्या जागी ‘प्रॉपर्टी-की’ असा जनेरिक क्लास करावा, त्यात नाव, टाइप दाखवणारा क्लास-ऑब्जेक्ट आणि डीफॉल्ट व्हॅल्यू ठेवावी, आणि ‘थर’ ही इंटीजरची की एकदाच, स्थिरांक म्हणून जाहीर करावी. व्हॅल्यू मिळवणारी मेथड कीचाच टाइप परत करते. ठेवणारी मेथड त्याच टाइपची व्हॅल्यू स्वीकारते. आता थरात लाँग ठेवणारी ओळ कंपाइलच होत नाही आणि कीच्या नावातली चूक टाइप करतानाच लाल होते. आत मॅप ऑब्जेक्टचाच राहतो, पण तो खासगी असतो आणि कास्ट एकाच ठिकाणी होते. ही रीत रुळलेली आहे: नेटी या जावातल्या नेटवर्क लायब्ररीमधला ॲट्रिब्यूट-की हा असाच जनेरिक आहे, आणि डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्या स्क्रीन-रचनेच्या प्रणालीमध्ये व्हॅल्यू ऑब्जेक्ट म्हणून परत येत असली तरी डिपेंडन्सी प्रॉपर्टी नोंदवताना तिचा टाइप सांगावाच लागतो. एक मर्यादा मात्र सांगायला हवी: टाइप इरेजरमुळे, म्हणजे कंपाइल झाल्यावर जनेरिक टाइपची माहिती पुसली जात असल्यामुळे, ‘स्ट्रिंगची लिस्ट’ या टाइपला स्वतंत्र क्लास-ऑब्जेक्ट नसतो, त्यामुळे तशा कीसाठी थोडी वेगळी सोय करावी लागते.

टाइपगणिक क्लास म्हणजे फापटपसारा, या विधानात दोन प्रश्नांची सरमिसळ झाली आहे. वेगवेगळ्या प्रॉपर्टींचे टाइप वेगळे असणे हा एक प्रश्न झाला. एकाच प्रॉपर्टीची व्हॅल्यू अनेक टाइपची असू शकणे हा दुसरा. रुंदी कधी पिक्सेलमध्ये, कधी टक्क्यांत, तर कधी ‘आपोआप’ अशी असेल, तर हे तीन पर्याय कोडमध्ये नावानिशी यायला हवेत. जावा १७ मध्ये, म्हणजे २०२१ साली, सील्ड इंटरफेस, म्हणजे ज्यांचे पर्याय आधीच ठरवून बंद केलेले असतात असे इंटरफेस, कायम झाले, आणि २०२३ च्या जावा २१ पासून स्विचमध्ये (पर्यायागणिक शाखा असलेल्या रचनेत) त्यांचे सर्व पर्याय हाताळले आहेत की नाहीत हे कंपायलर तपासतो. या पर्यायांचे तीन रेकॉर्ड, म्हणजे केवळ डेटा ठेवणारे छोटे क्लास, मिळून तीन ओळींत मावतात. सी प्लस प्लसमध्ये २०१७ च्या मानकापासून याच कामासाठी व्हेरियंट आहे. उद्या चौथा पर्याय आला की डीफॉल्ट शाखा न ठेवलेला प्रत्येक स्विच कंपायलर दाखवून देतो. नवे पर्याय सतत येणार असतील तर हेच ओझे होते, आणि तेव्हा साध्या इंटरफेसची, प्रत्येक पर्यायाने स्वतः लिहिलेली मेथड बरी. पर्याय वाढवणे आणि क्रिया वाढवणे यांतल्या या ओढाताणीलाच संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॉडलर यांनी १९९८ मध्ये ‘एक्स्प्रेशन प्रॉब्लेम’ असे नाव दिले.

पायथॉनमध्ये प्रश्न उद्भवत नाही म्हणावे, तर ‘फॉल्स’ या स्ट्रिंगला बूलमध्ये बदलल्यावर ट्रू मिळते, कारण ती रिकामी नाही. पायथॉनने २०१५ साली ३.५ या आवृत्तीत टाइप हिंट्स आणले आणि जावास्क्रिप्टला टाइपची जोड देणाऱ्या टाइपस्क्रिप्टने २०१८ मध्ये ‘अननोन’ हा टाइप दिला, जो तपासल्याशिवाय वापरता येत नाही. गरज नसती तर हे आलेच नसते.

मूळ सल्ला लागू पडतो अशी एक जागा मात्र आहे: वापरकर्ता प्रोग्राम चालू असताना स्वतःची फील्ड तयार करतो तेव्हा. ‘तपासणीची तारीख’ हे फील्ड कंपायलरला आधी माहीत असणे शक्य नसते. पण ते तयार करताना वापरकर्ता टाइप निवडतोच, म्हणून फील्डच्या व्याख्येचा एक ऑब्जेक्ट करून त्यात नाव, टाइप आणि वैधतेचे नियम ठेवावेत, आणि व्हॅल्यू आत येतानाच त्या व्याख्येवर ताडून पाहावी. तारखेच्या जागी आकडा आला, तर एक्सेप्शन ठेवणाऱ्या ओळीवर येते, आणि तिथे कोणते फील्ड, कोणता टाइप अपेक्षित होता आणि प्रत्यक्षात काय आले, हे तिन्ही सांगता येते.