जुन्या मेलचं काय करायचं, ते कुणीच का सांगत नाही?

"नवा कॉम्प्युटर घ्या, जुनं सगळं त्यात येतंय की," हे वाक्य मला परत कुणी ऐकवू नये. येत नाही. फोटो येतात, वर्डच्या फायली येतात, जमाखर्चसुद्धा येतो. मेल येत नाही. वीस वर्षांचा पत्रव्यवहार पेनड्राइव्हवर डोळ्यांसमोर पडलाय, फायलीचं नाव दिसतंय, आकार दिसतोय, आणि आत काय आहे ते हा नवाकोरा विंडोज ११ दाखवायला तयार नाही. डबल क्लिक केलं की उलट मलाच विचारतो, ही फाइल कशात उघडू? अरे, ते तू सांगायचंस!

आमचं वाचनालय खानापूर तालुक्यातल्या एका गावात आहे. मराठी पुस्तकं, वर्तमानपत्रं, दिवाळी अंक आणि वर्षातून एकदा साहित्य संमेलन. उचगाव, कडोली, येळ्ळूर या गावांतून जशी संमेलनं भरतात, तसंच आमचं, लोकवर्गणीचं. पाहुणे पुण्याहून, कोल्हापूरहून, गोव्याहून येतात आणि त्यांच्याशी सगळं बोलणं मेलवर होतं. कार्यालयात विंडोज एक्सपीचं मशीन आणि त्यात आउटलुक एक्स्प्रेस हा मेलचा प्रोग्राम. त्या वेळी दुसरं काय वापरणार? टेलिफोनच्या वायरीवरून डायल-अप, मिनिटामिनिटाला मीटर पडायचं. जोडायचं, मेल खाली ओढायच्या, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायच्या. फुकट मेलपेटीत जागाही जेमतेम काही एमबी, त्यामुळे मेल खाली आली की सर्व्हरवरून पुसली जायची. पीओपी म्हणतात ती पद्धत. म्हणजे सर्व्हरवर काहीच उरायचं नाही, जे होतं ते आमच्या त्या मशीनच्या हार्ड डिस्कवर. "सगळं जीमेलवर असेल बघा सर" असं छाती काढून सांगणाऱ्या पोरांना हे माहीतच नाही. जीमेल मुळात २००४ साली आलं, तेही आमंत्रण असेल तरच मिळायचं.

आता मायक्रोसॉफ्टच्या त्या प्रोग्रामची वंशावळ ऐका, म्हणजे माझं डोकं का तापलंय ते कळेल. एक्सपी २००१ साली आलं, त्यात आउटलुक एक्स्प्रेस ६. २००७ साली व्हिस्टा आलं, त्यात त्याचं नाव बदलून विंडोज मेल झालं, आणि पत्रं साठवायची पद्धतही बदलली. २००९ साली विंडोज ७ आलं, त्यात मेलचा प्रोग्रामच नाही! तो वेगळा उतरवून घ्यायचा, नाव लाइव्ह मेल. तो १० जानेवारी २०१७ ला बंद. मग विंडोज १० बरोबर मेल नावाचं ॲप, ते ३१ डिसेंबर २०२४ ला बंद. आता म्हणे नवा आउटलुक. तो आधी खातं मागतो, आणि खातं दुसऱ्या कंपनीचं असलं तरी तुमच्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या ढगात, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर, नेऊन ठेवतो. ज्याच्या त्याच्या काळात थोडंफार मागचं पुढे आणता यायचं, नाही असं नाही. पण त्यासाठी दर चार वर्षांनी नवं मशीन आणि नवा विंडोज घ्यायला हवा होता. वर्तमानपत्राची वर्गणी गोळा करायला ज्यांना घरोघरी फिरावं लागतं त्यांनी? जो एक्सपीवरून सरळ अकरावर आला, त्याच्यासाठी यांनी कुठलाच रस्ता ठेवलेला नाही. भाडेकरूला न सांगता घराला कुलूप घालून मालकानं किल्ली घेऊन निघून जावं, आणि आतलं सामान मात्र भाडेकरूचंच असावं, असला हा प्रकार.

पत्रं आहेत कुठे, हे शोधण्यातच जीव गेला. डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, त्यात युजरचं नाव, त्यात लोकल सेटिंग्ज (हे फोल्डर लपवलेलं असतं, आधी ते दिसेल असं करावं लागतं), त्यात ॲप्लिकेशन डेटा, त्यात आयडेंटिटीज, त्यात महिरपी कंसात आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ, त्याच्याही आत दोन फोल्डर, आणि मग कुठे इनबॉक्स डॉट डीबीएक्स. माणसाची पत्रं इतक्या खोल पुरून कोण ठेवतं? बरं, एका फोल्डरची सगळी पत्रं एकाच डीबीएक्स फायलीत कोंबलेली. फाइल दोन जीबीला पोचली की बिघडते. मधूनच प्रोग्राम विचारायचा, मेसेज दाबून जागा मोकळी करू का? हो म्हटलं आणि नेमकी तेवढ्यात लाइट गेली की फोल्डर गेला. आमच्याकडं लाइट कधी जाते हे सांगायला नको.

एक्सपीला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. म्हटलं, जुन्या मशीनवरूनच सगळ्या मेल नव्या खात्यात ढकलून देऊ, एवढंच साधं. तेही नाही. आउटलुक एक्स्प्रेसला सुरक्षित जोडणीची जी भाषा येते ती टीएलएस १.० च्या पुढची नाही, आजचे बहुतेक सर्व्हर १.२ च्या खाली बोलतच नाहीत. शिवाय गुगलनं ३० मे २०२२ पासून नुसत्या नाव आणि पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बंद केलंय. सुरक्षेसाठी ते केलं असेल, मला मान्य आहे. पण आधी जुन्या माणसाला बाहेर पडायला दार ठेवा आणि मग भिंत बांधा ना!

बेळगावात एका दुकानात गेलो. मालकानं मशीन उघडायच्या आधीच मान हलवली. "आगंगिल्लरी सर, होत नाही." कन्नडमध्ये एकदा, मराठीत एकदा. त्याचा पोरगा म्हणाला, "काका, एवढ्या जुन्या मेल घेऊन काय करायचंय? फॉरमॅट मारतो, नवीन आयडी काढून देतो." मी काही बोललो नाही, पण रक्त उसळलं. तुला काय माहीत बाळा त्यात काय आहे?

त्यात काय आहे ते सांगतो. आमचे आधीचे कार्यवाह, ज्यांना अख्खं गाव गुरुजी म्हणायचं, त्यांनी साठीत टायपिंग शिकून लिहिलेली पत्रं आहेत. संमेलनाध्यक्षांशी त्यांचं झालेलं भांडण आहे आणि नंतरची दिलजमाईही. गावातून आखातात गेलेल्या पोरांनी तिथून पाठवलेल्या पुस्तकांच्या याद्या आहेत. येऊ न शकलेल्या एका कवीनं पाठवलेलं अख्खं भाषण आहे, जे आम्ही मांडवात वाचून दाखवलं आणि छापलं मात्र कुठंच नाही. गुरुजी गेले. त्यांची मुलगी म्हणते, "दादा, बाबांची पत्रं तेवढी मला द्या." काय देऊ तिला? एक डीबीएक्स फाइल?

आणि सीमाभागात ही पत्रं कोण जपणार? बंगळूरचं सरकार आमच्या मराठी वाचनालयाचा इतिहास लिहायला येणार नाही, आणि मुंबईला आमची आठवण सीमाप्रश्नाच्या खटल्याची तारीख लागली की होते. जे आहे ते आमच्याच कपाटात. लोखंडी कपाटात १९५६ च्या आसपासची पत्रं आहेत, भाषावार प्रांतरचनेनंतर गावोगावच्या ठरावांच्या नकला आहेत, शाईनं लिहिलेल्या. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण आज कपाट उघडलं की आज वाचता येतात. आणि २००६ सालची मेल वाचता येत नाही! पन्नास वर्षांनी नवीन असलेली वस्तू आधी मेली. कुणीतरी मला याचं उत्तर द्यावं.

"बॅकअप घ्यायचा होता" म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. बॅकअप आहे. सीडीवर आहे, दुसऱ्या डिस्कवरही आहे. पण डीबीएक्सचा बॅकअप म्हणजे आणखी एक डीबीएक्स. उघडणारा प्रोग्रामच मेला तर त्याच्या शंभर प्रती घेऊन काय चाटायच्यात?

मग इंटरनेटवरचे कन्व्हर्टर. त्यांचा धंदा नीट समजून घ्या. फुकट म्हणून उतरवून घ्यायला लावतात, तुमची फाइल उघडतात, डाव्या बाजूला सगळे फोल्डर दाखवतात, गुरुजींच्या पत्रांचे विषयसुद्धा दाखवतात. आणि सेव्ह म्हटलं की मोजकीच पत्रं देऊन थांबतात. पुढचं हवं असेल तर डॉलरमध्ये पैसे भरा. लोकांच्या गेलेल्या माणसांच्या आठवणींवर गल्ला भरायचा हा प्रकार आहे आणि मला त्याची किळस येते.

शेवटी ज्यानं वाट काढली ते एक साधं, खरोखर फुकट, मुक्त अवजार निघालं, अनडीबीएक्स नावाचं. ना रंगीत खिडक्या, ना जाहिराती. काळ्या पडद्यावर आज्ञा द्यायची, ते डीबीएक्स फोडतं आणि प्रत्येक पत्राची वेगळी ईएमएल फाइल करून देतं. खराब झालेल्या फायलीतूनही जमेल तेवढं उपसून काढतं. ज्या कंपनीनं फायलीचा हा साचा बनवला, तिचं हे काम होतं. ते केलं कुणी तर कंपनीशी देणंघेणं नसलेल्या माणसांनी, साच्याची आतली रचना स्वतः उलगडून. ईएमएल म्हणजे साधा मजकूर, १९८२ साली ठरलेल्या नियमांच्या चालीवर लिहिलेला, आजही नोटपॅडमध्ये उघडतो. पहिल्यापासून असंच ठेवायला काय धाड भरली होती? त्या ईएमएल फायली मग थंडरबर्ड या मेलच्या फुकट प्रोग्राममध्ये जोड-प्रोग्राम घालून आत घेतल्या. इनबॉक्स आला. पाठवलेल्या पत्रांचा फोल्डर बराचसा आला.

आणि उघडून बघतो तर मराठीच नाही! निम्म्या पत्रांत रोमन अक्षरं, डॉलरच्या खुणा, उलटसुलट कंस. कारण त्या काळी छापखान्याशी व्यवहार श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामात चालायचा, गुरुजीही त्यातच टाइप करायचे. संगणकाच्या लेखी ती देवनागरी नव्हतीच, रोमन अक्षरांना मराठी चेहरा चढवलेला होता. फाँट गेला की चेहरा गेला. तालुक्याहून आलेली कन्नड पत्रं नुडी या तशाच कन्नड प्रोग्रामात होती, तीही तशीच चिवडलेली. यात मराठी-कन्नड वाद नाही, दोघांचीही सारखीच माती झालीय. सगळ्या लिप्यांना सामावून घेणाऱ्या युनिकोड या अक्षरपद्धतीत देवनागरी १९९१ पासून आहे, पण एक्सपीत ती नीट दिसायला सीडी घालून वेगळ्या फायली चढवाव्या लागायच्या. रोमन लिपीवाल्यांना हे करावं लागलं नाही, आम्हाला का? आणि ऑनलाइन फाँट बदलून देणारी पानं जोडाक्षरात मार खातात. एका पत्रात गुरुजींनी स्वतःच्या आजाराबद्दल लिहिलंय, आणि नेमकी ती ओळ लागत नाही.

तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कोल्हापूर, कुठंही असा, ज्यांच्या छापखान्यात किंवा माळ्यावर एक्सपी नाहीतर विंडोज ७ चं चालू मशीन आहे, त्यात श्रीलिपी आहे आणि तिचा डाँगल (मशीनला लावल्याशिवाय ती चालत नाही ती किल्ली) हरवलेला नाही, त्यांनी ते भंगारवाल्याला देऊ नये. मला कळवा. मशीन मी येऊन घेऊन जाईन, काम झालं की परत आणून देईन, आणि तुमच्याही जुन्या मेल त्यात अडकल्या असतील तर त्याही बाहेर काढून देईन.