‘बाहेर नको, मित्रांना घरीच बोलाव’ : साथीच्या काळातला उलटा सल्ला

साथीची बातमी आली की नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सल्ला फिरू लागतो. कोरोनाच्या लाटांमध्ये तो घरोघरी पोचला होता, आणि आजही रुग्ण वाढल्याचं कानावर आलं की पुन्हा वर येतो. थोडक्यात तो असा : आठवी ते बारावीच्या मुलांना काही होत नाही. तरी बाहेर अनोळखी लोक असतात, म्हणून मैदान, बाग, फुटाळा तलाव बंद. मित्रांना घरीच बोलवा. दारात ताप मोजा, हातावर सॅनिटायझर द्या, शंका आली तर टेस्ट करा. लस झाली असेल तर चिंता मिटली. आणि एवढंही नको असेल तर मोबाइल आहेच, मित्रांवाचून चार महिने काही अडत नाही.

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण तो पाळणारं घर मुलाला सुरक्षित जागेतून उचलून धोक्याच्या जागेत बसवतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘बाहेर धोका, घर सुरक्षित’

सगळ्यात मोठी चूक हीच. कोरोनाचा विषाणू मुख्यतः हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांतून पसरतो; हवेतून संसर्ग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये मान्य केलं. बाधित माणूस बोलतो, हसतो, गातो तेव्हा हे कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत सिगारेटच्या धुरासारखे साठत जातात. मैदानावर तोच धूर क्षणात विरतो. साथीच्या सुरुवातीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा खुल्या जागेच्या तुलनेत बंदिस्त जागेत संसर्गाची शक्यता सुमारे १८ पट निघाली. समोरचा ओळखीचा की अनोळखी, याने हवेला फरक पडत नाही.

आता घरातल्या वाढदिवसाचा हिशोब मांडू. खोली १२ बाय १० फुटांची, छत १० फुटांवर, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. आत आठ मुलं, दार-खिडक्या बंद, स्प्लिट एसी चालू. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो. प्रत्येक मूल तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतं, या खोलीत ते तासाभरात ३,००० च्या पुढे जातं. उच्छ्वासात ते साधारण ४०,००० असतं. म्हणजे त्या खोलीत मुलगा घेत असलेल्या दर पंधरा-सोळा श्वासांमागे एका श्वासाइतकी हवा दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेली असते. आठांपैकी एक बाधित असेल तर तासाभराचा केक, गाणी आणि आरडाओरडा पुरेसा होतो.

ही हवा बदलायला किती वेळ लागतो तेही पाहा. तासाला सहा वेळा हवा बदलली तर तरंगणारे ९९ टक्के कण ४६ मिनिटांत बाहेर जातात. बंद एसी-खोलीत फटींतून तासाला जेमतेम अर्धा बदल होतो. तिथे याच कामाला नऊ तास लागतात. पोरं संध्याकाळी सातला घरी गेली आणि आजी त्याच खोलीत आठला झोपायला आली, तर मधल्या तासात हवा फारशी बदललेलीच नसते.

इथे नागपूरकरांकडे एक फार चांगलं यंत्र आधीच आहे : खिडकीत बसवलेला कूलर. तो वाळ्याच्या ताट्यांतून बाहेरची हवा ओढून आत फेकतो. लहान कूलरही तासाला हजार घनमीटर हवा फेकतो. ३४ घनमीटरच्या खोलीत कागदावर ते २९ बदल झाले. प्रत्यक्षात निम्मे मिळाले तरी एसीच्या खोलीशी तुलनाच नाही. अट एकच. समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. ते बंद असेल तर हवा कोंडते, खोली चिपचिपी होते आणि बदलही थांबतो. चिपचिप वाटणं ही हवा निघत नसल्याची खूणच समजा. चाकांचा कूलर खोलीच्या मधोमध ठेवला तर तो आतलीच हवा फिरवतो, त्याचा या कामी उपयोग नाही. आणि टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून, टाकी घासून, कोरडी करून मगच भरा. डेंग्यूच्या डासाची अळी आठ-दहा दिवसांत डास होते. एका साथीपासून वाचताना दुसरी घरात पाळायची नाही.

पावसाळ्यात आणि थंडीत कूलर बंद असतो. तेव्हा ९ इंची एक्झॉस्ट पंखा खिडकीत लावून दार उघडं ठेवा. त्याने प्रत्यक्षात तासाला २०० घनमीटर हवा बाहेर फेकली तरी या खोलीत सहा बदल होतात. छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. ज्यांना मोजायचंच आहे त्यांनी इन्फ्रारेड सेन्सरचा कार्बन डायऑक्साइड मीटर घ्यावा. ८०० च्या खाली ठीक. १,५०० ओलांडलं की मुलांना गच्चीवर पाठवा.

मित्रांना भेटायची पहिली जागा तीच, गच्ची. थंडीत दुपारी चारचं ऊन, उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ किंवा सूर्य मावळल्यावर. मे महिन्यात ४५ अंशांत दुपारी मैदानावर पाठवणं हा वेगळा धोका आहे. तेव्हा वेळ बदला, जागा नको. फुटाळ्याच्या काठावर चौघं बसली, ठेल्यासमोर उभं राहून तर्री-पोहे खाल्ले, सायकलवर सेमिनरी हिल्स चढली, तर धोका फार कमी. खांद्याला खांदा लावून तासभर ओरडणारी गर्दी मात्र खुल्या आकाशाखालीही टाळा. आणि मांडवाला खुली जागा समजू नका. चारही बाजूंनी कनाती ओढल्या की ती खोलीच झाली. गरब्याची तालीम बंद सभागृहात असेल तर नाचताना वाढलेला श्वास आणि मोठ्याने काढलेला आवाज, दोन्ही धोका वाढवतात. तीच तालीम सोसायटीच्या आवारात घेता येते.

‘शिकवणीला जाणं वेगळं, फिरणं वेगळं’

हे सल्ल्यात लिहिलेलं नसतं, पण त्यावर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात असतं. क्लास गरजेचा म्हणून चालतो, क्रिकेट चैनीचं म्हणून बंद. बंद एसी-हॉलमध्ये साठ मुलं दोन तास बसतात, आणि त्याच मुलाला रेशीमबागेच्या मैदानावर तासभर खेळायला मनाई होते. हे गणित मुलांना दिसतं, आणि मग ती आपले कुठलेच नियम मनावर घेत नाहीत. क्लास बंद करा असं म्हणणं नाही. पण तो धोक्याच्या खात्यात मोजा. साथ जोरात असताना आठवड्याला बंद हवेतलं एकच काम, आणि क्लासच रोज असेल तर बाकी सगळं खुल्या हवेत, हा नियम पाळता येतो. क्लासमध्ये जागा खिडकी किंवा दाराजवळची, तोंडावर एन-९५, पाणी आणि डबा बाहेर येऊन. मास्क बिनव्हॉल्व्हचा हवा, नाकावरची पट्टी दोन्ही बोटांनी दाबून बसवलेली. चष्मा धुरकटत असेल तर वरून हवा गळते आहे, पुन्हा बसवा. पाच मास्क ठेवून रोज एक वापरावा आणि वापरलेला कागदी पिशवीत वाळू द्यावा. धुतला की त्याची गाळण्याची ताकद जाते. जाताना चौघं एका कारमध्ये असतील तर हवा फिरवण्याचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन काचा दोन-तीन इंच खाली करा. ऑटो त्याहून बरा.

‘आजकालच्या पोट्ट्यांना काही होऊन नाही राहिलं’

बहुतांश मुलांच्या बाबतीत हे खरं आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. लस येण्याआधीच्या मूळ विषाणूने दर १०,००० बाधितांमागे २५ वर्षांच्या वयात साधारण एक मृत्यू होत होता, त्याहून लहानांत आणखी कमी. पण तोच आकडा ५५ व्या वर्षी ४०, ६५ व्या वर्षी १४० आणि ७५ व्या वर्षी ४६० होता. म्हणून प्रश्न फक्त मुलाचा नाही, तो रात्री कुणासोबत जेवतो याचा आहे. सीताबर्डीत आई-वडिलांसोबत राहणारं मूल आणि महालातल्या वाड्यात आजी-आबांसोबत राहणारं मूल, दोघांना एकच नियम लावायचं कारण नाही.

शिवाय काही मुलं ‘बहुतांश’मध्ये बसत नाहीत. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. तपासणीत ‘एसएस’ आलेल्या मुलाला अशा संसर्गात छातीचा गंभीर त्रास होऊ शकतो. त्याच्यासाठी डॉक्टरांशी वेगळं बोला. ‘एएस’ म्हणजे केवळ वाहक असलेल्यांची गोष्ट तशी नाही. आटोक्यात नसलेला दमा, मधुमेह, खूप जास्त वजन यांतही सावधगिरी वाढवा. आणि संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी सलग ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी असं काही दिसलं तर पहिला आजार किरकोळ होता म्हणून थांबू नका. त्याच दिवशी मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

‘ताप मोजा, सॅनिटायझर द्या’

तापाची बंदूक लक्षणं दिसण्याआधीचा बाधित ओळखू शकत नाही, आणि संसर्ग लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरू लागतो. हात धुणं इतर अनेक आजारांसाठी चांगलंच, पण श्वासातून येणाऱ्या विषाणूला हात अडवत नाहीत. काढा आणि वाफेनेही खोलीची हवा बदलत नाही. वाफ घेताना मुलं भाजतात ते वेगळंच.

‘टेस्ट निगेटिव्ह म्हणजे मोकळे’

जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मुलांचं एक निवासी शिबिर झालं. येण्याआधीच्या १२ दिवसांतला निगेटिव्ह अहवाल प्रत्येकाला सक्तीचा होता. शिबिरात रोज मोठ्याने गाणी म्हटली जात, मुलांना मास्कची सक्ती नव्हती, खोल्यांच्या खिडक्या उघडल्या जात नव्हत्या. ५९७ जणांपैकी ३४४ जणांचे नंतरचे अहवाल मिळाले. त्यांत २६० पॉझिटिव्ह होते. अहवाल खोटे नव्हते. ते जुने होते.

घरच्या अँटिजेन किटचा उपयोग आहे, पण त्याच दिवसापुरता, आणि नीट केली तरच. काडी दोन्ही नाकपुड्यांत दोन ते चार सेंटीमीटर आत घालून प्रत्येकीत पाच वेळा फिरवायची. नळीत ढवळून दोन थेंब टाकायचे, १५ मिनिटांनी वाचायचं; २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नव्हे, निघण्याच्या तासभर आधी करा. लक्षणं असून निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करा.

‘लस झाली, चिंता मिटली’

१५ ते १८ वयोगटाला ३ जानेवारी २०२२ पासून कोव्हॅक्सिन आणि १२ ते १४ वयोगटाला १६ मार्च २०२२ पासून कोर्बेव्हॅक्स मिळू लागली. दोन्हींत दोन मात्रांमध्ये २८ दिवसांचं अंतर. पूर्ण संरक्षण दुसऱ्या मात्रेनंतर दोन आठवड्यांनी. लशीने गंभीर आजार टळतो, म्हणून ती घ्यायचीच. पण कोरोनाचा ओमायक्रॉन हा प्रकार लस घेतलेल्यांनाही होत होता आणि त्यांच्याकडून पसरतही होता.

‘मित्रांवाचून काही अडत नाही’

अडतं. पहिल्या वर्षात जगभर झालेल्या २९ अभ्यासांमधल्या ८०,८७९ मुलांची माहिती एकत्र केली तेव्हा चारांपैकी एकात नैराश्याची आणि पाचांपैकी एकात चिंतेची लक्षणं होती, साथीआधीच्या साधारण दुप्पट. महाराष्ट्रात शहरांतले आठवी ते बारावीचे वर्गही बराच काळ बंद राहून ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडले. पंधराव्या वर्षी मित्र ही चैन नसते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उलटीपालटी, जेवणावर मन नाही, आवडीचा खेळही नको, बोलणं तुटक असं दिसलं तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

म्हणून भेटी बंद न करता त्यांना आकार द्या. तेच ते चार मित्र ठेवा, दर वेळी नवे नकोत, कारण चार घरांची साखळी लक्षात ठेवता येते आणि चाळीस घरांची येत नाही. चारही घरांतल्या आयांनी आपसात एकच ठरवावं : कुणाचा घसा खवखवला की त्याच दिवशी सगळ्यांना कळवायचं.

समजा रविवारी एकत्र बसले आणि सोमवारी एकाला ताप आला. ओमायक्रॉनसारख्या विषाणूत लक्षणं साधारण तीन दिवसांनी दिसतात, म्हणजे बुधवारच्या आसपास. पण आपलं मूल मंगळवारीच, कधी सोमवारीही, संसर्ग देऊ शकतं. म्हणून कळल्याक्षणी त्याची झोपायची खोली आजीपासून वेगळी, ताट गच्चीवर किंवा अंगणात, घरात मास्क, खिडक्या उघड्या, आणि शुक्रवारी टेस्ट. मधल्या दिवसांत मित्रांशी फोनवर बोलू द्या, मैदानाच्या कडेने एकट्याला चालू द्या. आणि घसा खवखवतोय हे त्याने स्वतःहून सांगितलं असेल तर त्या दिवशी त्याला ओरडू नका, रविवारबद्दलही नाही. ओरडलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि शुक्रवारपर्यंत तो आजीच्याच खोलीत झोपेल.