फेकायचाच होता तर कप कशाला?

सकाळी पोहे परतत होते, तेवढ्यात भाचीचा मेसेज. नणंदेची मुलगी, एकोणीस वर्षांची, बंगळुरूला हॉस्टेलवर असते. व्हिडिओत कोणी एक बाई हातात, पाळीत कपासारखी आत लावायची मऊ चकती धरून सांगतेय, वापरा आणि फेका, धुवायची कटकटच नाही! खाली भाचीबाई लिहितात, "मामी, तुझ्या कपापेक्षा हे भारी ना? उकळाउकळी नको." कप म्हणजे मी वापरते तो पाळीचा, धुवून-उकळून पुन्हा वापरायचा.

पोहे लागले. खरंच लागले, नवऱ्याला विचारा.

अगं, पण फेकायचाच तर कप कशाला? पॅडच वापर की! आपण इतकी वर्षं कशासाठी घसा फोडतोय? पॅडवरचा जीएसटी २०१८ मध्ये गेला तेव्हा आपण सगळ्यांनी इथेच पोस्टी टाकल्या होत्या. कर गेला, कचरा तिथेच आहे. आपल्या पुण्यात कचरावेचक बायकांनी अक्षरशः मिनतवाऱ्या केल्या, की बायांनो, ते कागदात गुंडाळा आणि वर लाल टिपका काढा, म्हणजे आमचा हात त्यात जाणार नाही. तेवढासुद्धा टिपका किती घरांतून निघतो, ते आमच्या जिन्यातल्या बादल्या बघून सांगते मी. आणि आता त्यात ही चकती. दिवसाला दोन धरा, पाच दिवसांच्या दहा, वर्षाच्या एकशेवीस. माझा सिलिकॉनचा एक कप २०१८ पासून चालू आहे.

तो घेतला तेव्हाची गोष्ट काही जणींना माहीत आहे, पुन्हा ऐका. साडेतीनशेला ऑनलाइन मागवला. पहिल्या वेळी बाथरूममध्ये पाऊण तास. लावला कसाबसा, पण निघेना! नुसती दांडी ओढत बसले होते. बुडाशी चिमटीत दाबून आतली हवा सोडायची असते, मग अलगद येतो, हे नंतर कळलं. तर तो कप उकळायला मी एक बिनकानाचं छोटं पातेलं ठेवलं होतं. रात्री सगळे झोपले की गॅसवर ठेवायचं, पाच मिनिटं उकळायचं, आणि पातेलं डाळींच्या डब्यांमागे दडवायचं. चोरी केल्यासारखं.

एके दिवशी आईंनी (सासूबाईंनी) नेमकं तेच काढलं आणि चहाचं आधण ठेवलं. मी ओरडले, "आई, त्यात नको!" मग काय, सांगावंच लागलं.

ते पुढे सांगते. आधी राग संपू दे.

या फेकायच्या कपात नवं काहीच नाही. रबरी कपाचं पेटंट एका अमेरिकन नटीनं, लिओना चामर्सनं, १९३७ मध्ये घेतलं. बायका तो धुवायला बिचकतात म्हणून पुढे तिकडे फेकायचा कपही निघाला, १९७०च्या आसपास, आणि चालला नाही. म्हणजे तेव्हाही हेच विकत होते, तुमची किळस तुम्हालाच. रक्त दिसायला नको, हाताला लागायला नको. बाळाचे लंगोट धुताना कुठे जाते ही किळस?

बरं, मान्य, चकतीचे फायदे आहेत. ती कपासारखी हवा धरून चिकटत नाही, आत वर अडकून बसते, त्यामुळे काहींना सोपी जाते. संबंधांच्या वेळीही चालते म्हणे. तांबी (कॉपर-टी) बसवलेल्या बाईनं तर कप घेण्याआधी डॉक्टरला विचारावंच. आणि बारा तास बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलीस बाईला, जिथे नळाला पाणीच नाही, तिला मी धुण्याचं शहाणपण शिकवणार नाही. पण धुवायची चकतीही मिळते की! आणि हॉस्टेलवर पाणी नाही का?

असो. तर आई. त्यांनी तो कप हातात घेतला, दाबून बघितला, "एवढासा?" म्हणाल्या. मग आत गेल्या आणि कुठल्याशा लग्नासाठी आणलेलं मरून रंगाचं नेलपॉलिश घेऊन आल्या. पातेल्याच्या काठाखाली गोल पट्टी ओढली. "आता कोणी चुकायचं नाही." मग ओट्यापाशी उभ्या उभ्याच सांगितलं, कराडच्या घरी त्यांच्या पाळीच्या कापडाच्या घड्या गोठ्यात वाळायच्या, पोत्याखाली, पुरुषांची नजर पडू नये म्हणून. पावसाळ्यात वाळायच्याच नाहीत. मग ओलीच घडी घ्यायची. मांड्या सोलवटून निघायच्या. "तुझं निदान उजेडात उकळू दे," म्हणाल्या. त्या दिवसापासून पातेलं डब्यांमागे गेलं नाही.

आज दुपारी हाच व्हिडिओ त्यांना दाखवला. दोनदा बघितला आणि एकच विचारलं, "हे टाकतात कुठे?"

मी तोऱ्यात भाचीला फोन लावला, आजीचा प्रश्न ऐकवायला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामी, इथे गॅस नाही. किटली आहे, चौघींत एक. त्यात सगळ्या मॅगी करतात. त्यात उकळू?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी मी स्वतः पातेलं लपवत होते आणि आज त्या पोरीवर तावातावानं बोलत सुटले. पाणी आहे, पण चारचौघींत तो कप ठेवायचा कुठे, हा प्रश्न तिचाही आहेच. चकती मला अजूनही पटलेली नाही, ते सोडा. पण सकाळी तिला जे लिहिलं होतं ते डिलीट केलं.

दिवाळीला येतेय, "तेव्हा दाखव कसा लावायचा" म्हणाली. वेगळी छोटी किटली मी घेऊन देणार आहे. आई म्हणतात, त्या किटलीलाही पट्टी ओढून देऊ. पण बाटली काढून बघितली तर नेलपॉलिश वाळून खडखडीत झालंय.