‘काका, भंगारात द्या’: एक तारेच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढल्यावर वाचला. आज सकाळी तुमचं जॉब कार्ड समोर ठेवून पुन्हा वाचला. ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २९ वर्षं एकच सायकल चालवलेल्या माणसाने २४ ऑगस्ट २०२५ ला आमच्याकडून १,०५,००० रुपयांची नवी रोडबाईक घेतली. तीन आठवड्यांत मान धरली, तळहातांना मुंग्या आल्या, डिस्क ब्रेक एसटीसारखे किंचाळायला लागले, गिअर उड्या मारायला लागले. पानशेतला निघालेली स्वारी खडकवासल्यावरूनच घरी परतली. मग जीएसटी उतरला आणि आम्ही फरक द्यायला तयार नाही. सगळ्यावर कडी म्हणजे आमच्या दुकानातल्या मुलाने तुमची जुनी सायकल बघून ‘काका, भंगारात द्या, दीड हजार येतील’ असं सांगितलं. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘सायकल परत घ्या, पैसे द्या.’

भंगाराचं आधी बोलतो, कारण बाकीच्या तक्रारींना पाना लागतो, हिला नाही.

मुलाने ते म्हटलं. मी मागे चाकाचा आऊट काढत होतो, मला ऐकू आलं. गणपतीच्या आधीचा रविवार, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी उठलो नाही. चूक त्याच्या तोंडची असली तरी दुकान माझं आहे. माफ करा. काल तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून त्याला दाखवला. सीटखालच्या नळीवर हिरवट स्टिकर अर्धा उडालाय, पण ‘५३१’ वाचता येतं. रेनॉल्ड्स कंपनीची ५३१, मँगनीज-मॉलिब्डेनम स्टीलची नळी, १९३५ पासूनची. टोकांना जाड, मध्ये पातळ, म्हणून मजबूत असून हलकी. सांध्यांवर लग, म्हणजे नळ्या आत बसतात ते धातूचे तुकडे, बसवून पितळेने जोडलेली. गिअरचे दोन खटके खालच्या नळीवर, आणि त्यांना ‘टक’ असा आवाजसुद्धा नाही. कानाने चेन ऐकायची आणि बोटाने केसभर सरकवायचं. मुलगा बावीस वर्षांचा आहे, त्याने असा खटका कधी हातात धरलेला नाही. माझ्या वडिलांचं तासावर सायकली भाड्याने द्यायचं दुकान होतं. त्यांच्यासमोर असं कोणी बोललं असतं, तर त्याला दिवसभर छर्रे धुवायला बसवलं असतं.

आता मान आणि हात. इथे मोठी चूक आमची आहे, आणि ती नेमकी काय ते लिहितो, कारण जुनी सायकल सोडून नवी घेणाऱ्या पुष्कळ लोकांच्या बाबतीत हेच होतं.

तुम्ही आलात आणि म्हणालात, ‘माझी ५४ आहे.’ आम्ही ५४ दिली. जुन्या सायकलीत ५४ म्हणजे सीटखालची नळी ५४ सेंटिमीटर. टेपने मोजा, तेवढीच भरते. वरची नळी आडवी, त्यामुळे बाकीचा अंदाजही त्यावरून यायचा. आजच्या फ्रेमची वरची नळी मागे उतरती असते. तिच्यावरचं ‘५४’ हे शर्टावरच्या ‘४२’ सारखं, कंपनी बदलली की माप बदलतं. आज बघायचं असतं ते पॅडलच्या धुरीपासून हँडलची नळी किती वर आणि किती पुढे आहे. ते आम्हाला माहीत असून आम्ही मोजलं नाही. तुमची जुनी सायकल दारात उभी होती, टेप माझ्या खिशात होता. आम्ही फक्त सीटची उंची लावून दिली.

२९ वर्षांत तुम्ही त्या सायकलीचं हँडल थोडं थोडं वर घेत गेला असणार. फोटोत ते जवळजवळ सीटच्या उंचीला दिसतंय. आमच्या कार्डाप्रमाणे नवीवर ते सीटपेक्षा साडेचार सेंटिमीटर खाली आहे. शिवाय नव्या ब्रेकच्या मुठी लांबुळक्या असतात, कारण गिअरची यंत्रणा त्यांच्याच पोटात असते. म्हणजे हात आणखी पुढे. तुम्ही सीटवर नव्हे, तळहातांवर बसून खडकवासल्यापर्यंत गेलात. मुंग्या येणारच.

पण हातांच्या दुखण्यातला एक वाटा तुमचाही आहे, तेही सांगतो. तुम्हीच लिहिलंय की टायरवर ११५ छापलंय म्हणून तुम्ही ११० पीएसआय हवा भरता. तो आकडा कमाल मर्यादेचा. जुनीचं टायर २७ बाय सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर रुंद, आणि त्यात हवा तुम्ही अंगठ्याने दाबून बघायचात. ते बरोबर होतं. नवीचं टायर २८ मिलिमीटर, त्यात ११० म्हणजे दगड झाला. तुमच्या ७२ किलोला पुढे ६५, मागे ७० पुरेत. ‘ॲल्युमिनियमची फ्रेम हाडं खिळखिळी करते’ असं तुम्ही लिहिलंय. मी म्हणेन, आधी हवा कमी करा आणि मग फ्रेमला शिव्या द्या. सिंहगड रोडच्या खड्ड्यांत नळी स्टीलची आहे की कशाची यापेक्षा टायरमध्ये हवा किती याने जास्त फरक पडतो. मुलाने हवेचा आकडा कार्डावर लिहिला होता, पण कार्ड सीटला दोऱ्याने बांधलेलं. ते कोण वाचतं? तोंडी सांगायला हवं होतं.

ब्रेकबद्दल. नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर पंचवीसच्या वेगाने जायचं, चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक दाबत यायचं, चाक जाम होऊ द्यायचं नाही. असं वीसेक वेळा. एवढं केलं की बहुतेकांचा आवाज जातो. तुमचा मात्र जाणार नाही, कारण तुम्ही लिहिलंय की ‘गंजाचा स्प्रे मारून पाहिला, तरी फरक नाही’. सर, तो स्प्रे जुनीच्या चेनवर मारत आलात, तिथे तो चालून गेला. डिस्कवर तेल म्हणजे पॅड गेले. घासून, भाजून काही होत नाही, निदान मी त्याची हमी देणार नाही. नवे पॅड आम्ही टाकून देऊ, पैसे घेणार नाही. पण तोपर्यंत कृपा करून घाट उतरू नका. आवाजाचं सोडा, ब्रेकच धरणार नाही.

गिअरच्या उड्या ही तक्रार छोटी आहे. नव्या केबल पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये बसतात, ताण उतरतो. मागच्या डिरेल्युअरचा, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा, स्क्रू पाव आटा फिरवला की बहुतेक वेळा काम होतं. ३४० किलोमीटर झालेत म्हणता, म्हणजे पहिली फुकट सर्व्हिसिंग राहिलीये. डिकीत आडवी घालून नेली होतीत का? डिरेल्युअर खाली आला असेल तर त्याचा हँगर, म्हणजे तो अडकवलेली पट्टी, वाकला असेल. तोही सरळ करू.

जीएसटी. तुमच्या बिलात मूळ किंमत ९३,७५०, त्यावर १२ टक्के म्हणजे ११,२५०. २२ सप्टेंबरपासून सायकलींवर ५ टक्के झाला, म्हणजे तीच सायकल आज ९८,४३७ रुपये ५० पैशांना. फरक ६,५६२ रुपये ५० पैसे, तुम्ही काढलाय तसाच. तुम्ही विचारलंय, ‘यांना आधी माहीत नव्हतं काय?’ कर कमी होणार ही चर्चा पंतप्रधानांच्या १५ ऑगस्टच्या भाषणानंतर सगळीकडे होती, मीही ऐकली. पण सायकलींचा दर जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबरच्या बैठकीनंतर जाहीर झाला आणि तुमचं बिल २४ ऑगस्टचं. तुमच्याकडून घेतलेला कर भरून झाला, तो माझ्या गल्ल्यात नाही. तो मी परत देऊ शकत नाही. बाकी सगळं मान्य करतोय, हे मान्य करणार नाही.

तुमच्या रिव्ह्यूत मध्येच एक ओळ आलीये, बहुतेक नकळत: ‘कात्रजचा घाट मात्र न उतरता चढलो, पाच वर्षांनी.’ जुनीवर तुमचा सगळ्यात हलका गिअर पुढे ४२, मागे २४ दात. पॅडल एकदा फिरवलं की मागचं चाक पावणेदोन वेळा फिरणार. नवीवर पुढे ३४, मागे ३४. एकाला एक. गुडघ्यांसाठीच तर तुम्ही आला होतात. पहिल्या भेटीत तुम्ही मला विचारलेला पहिला प्रश्न गुडघ्यांचाच होता, मुलगा साक्षीला आहे.

पैसे परत करण्याबद्दल स्पष्ट बोलतो. ३४० किलोमीटर चाललेली सायकल पूर्ण किमतीला परत घेणं मला परवडत नाही. मी हे करू शकतो: दोन्ही सायकली घेऊन या. मंगळवारी सकाळी, दहाच्या आत, तेव्हा गर्दी नसते. जुनी स्टँडवर लावतो. धुरीपासून सीट, सीटच्या टोकापासून हँडल, हँडल जमिनीपासून किती, ओळंबा सोडून सगळं उतरवून घेतो आणि तेच नवीवर आणतो. हँडल धरणारा स्टेम १०० मिलिमीटरचा आहे, तो काढून ८० चा उलटा लावू, खाली स्पेसरच्या कड्या घालू. मुठी थोड्या वर फिरवू. चामड्याची सीट तुमच्या अंगाला बसलेली असेल तर तीच नवीवर चढवू, दिसायला विजोड दिसेल, दिसू दे. मग महिनाभर चालवा. तरी नाही जमली, तर ५२ ची फ्रेम मागवून बदलून देऊ. त्याचा खर्च दुकानाचा, कारण माप आम्ही घेतलं नव्हतं.

आणि जुनी विकू नका. मला तर नकोच, मी दीड हजारालाही घेणार नाही आणि पंधरा हजारालाही नाही. तिला फक्त २७ इंची टायरची जोडी आणि फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चक्र्यांचा संच, हवंय. हा माल आता सहज मिळत नाही, पण जुन्या दुकानदारांच्या माळ्यावर असतो. दोघा-तिघांना फोन करून ठेवलाय. ओव्हरहॉलिंग मुलाकडूनच करून घेणार आहे, मजुरी न घेता. ते त्यालाही मान्य आहे.

येताना तिच्या टायरमध्ये हवा जास्त भरू नका. फोटोत मागच्या टायरची कड तडकलेली दिसतेय, रस्त्यातच फाटायची. शक्यतो टेम्पोतच घाला. आणि डिरेल्युअरची बाजू वर.